ट्यूब लिहून देण्याआधी

प्रति,
मा. आयुक्त, वसई-विरार शहर महानगरपालिका
मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी, वसई-विरार शहर महानगरपालिका
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, पालघर
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पालघर

प्रत माहितीसाठी: अन्न व औषध प्रशासन, पालघर

विषय: ल्युपसची त्वचेवरची आणि केसांतली लक्षणं वेळेत ओळखण्याबाबत

महोदय / महोदया,

वसई-विरारमध्ये कुणाचे केस गळायला लागले की पहिला संशय पाण्यावर जातो. टँकरचं पाणी, बोअरिंगचं पाणी, सोसायटीची टाकी वर्षभर धुतलेली नाही त्याचं पाणी. नालासोपाऱ्यात कुठल्याही इमारतीत विचारून पाहा, बायका बादलीच्या तळाचा पांढरा थर नखाने खरवडून दाखवतील. संशय अगदीच निराधार नाही. क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात, विंचरताना तुटतात. पण पाण्याने डोक्यावर रुपयाएवढा चट्टा पडत नाही. त्या चट्ट्याची कड काळी आणि मध्य पांढुरका होत नाही, तिथली कातडी गुळगुळीत, किंचित खोलगट होऊन केसांची मुळंच बुजून जात नाहीत. माझ्या डोक्यावर तसा चट्टा पडला तेव्हा आमच्या घरी नळाला फिल्टर बसला. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सुचवला. कुणी चाई म्हणालं, कुणी नायटा. दवाखान्यात गेले तर तिथेही साधारण हीच चर्चा झाली, फक्त शेवटी एक ट्यूब लिहून मिळाली.

तो ल्युपस होता.

या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पेशींवर उलटते. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकीचा कंगवा दुसरीने वापरल्याने तो पसरत नाही. दहा रुग्णांमागे साधारण नऊ बायका असतात आणि बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीस या वयात गाठतो. शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण सगळं ज्या वर्षांत उरकायचं असतं, नेमकी तीच वर्षं. सांधे, रक्त, फुप्फुसाचं आवरण, मूत्रपिंड, मेंदू, कशालाही तो धरू शकतो. पण ही सगळी आतली प्रकरणं. ती कळायला रक्त तपासावं लागतं, कधी सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढावा लागतो. कातडी आणि केस मात्र उघड्यावर असतात. पुष्कळ जणींमध्ये आजार पहिल्यांदा दिसतो तो तिथेच, आणि तिथे तो पाहायला यंत्र लागत नाही. खिडकीपाशी उजेडात बसवून दोन मिनिटं नीट पाहणारं माणूस लागतं. असं माणूस आपल्या शहरात वस्तीवस्तीत आहे, तुमच्याच यादीवर आहे. त्याबद्दलच हे पत्र आहे.

आधी पाहायचं काय, ते सांगते. तुमच्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांना हे पाठ असेल. आयुक्तसाहेबांना असण्याचं कारण नाही, आणि तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे आहे.

पुस्तकात ल्युपस म्हणजे गालांवर पसरलेलं लाल फुलपाखरू. दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा लाल होतो, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी कोरी राहते. ही कोरी घडी महत्त्वाची. अडचण अशी की पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यावर लाल रंग लाल दिसतच नाही, तो जांभळट, तपकिरी, काळपट दिसतो. मग त्याला वांग म्हणतात, उन्हाने रापलंय म्हणतात, बाळंतपणानंतर असं होतंच म्हणतात. किंवा मुलीच्या हातात गोरं करायचं क्रीम देतात.

दुसरा प्रकार चकत्यांचा. चेहऱ्यावर, डोक्यात, कानावर गोल चट्टे उठतात. त्यांवर चिकट खवले असतात. असा खवला काढून उलटा धरला तर त्याच्या खालच्या अंगाला बारीक काटे दिसतात. ते केसांच्या छिद्रांत रुतून बसलेले असतात. चट्टा जुना झाला की मधला रंग जातो, कड काळी राहते, आणि डोक्यात असेल तर तिथले केस कायमचे जातात, कारण मुळाच्या जागी वण तयार झालेला असतो. या चट्ट्याची एक आवडती जागा आहे: कानाच्या पाळीच्या वरचा, आतला खोलगट भाग. तिथे कुणी पाहत नाही. माझा पहिला चट्टा तिथेच होता. आरशात मला तो दिसत नव्हता, बोटाला खरखरीत लागायचा, आणि मळ समजून मी तो ओल्या रुमालाने पुसत असे. परळच्या केईएम रुग्णालयात पोचले तेव्हा एका तरुण डॉक्टर मुलीने माझ्या डोक्याकडे पाहायच्याही आधी माझे कान मागे दुमडून टॉर्च मारला आणि शेजारच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. चाचणीचे कागद नंतर आले. निदान त्या टॉर्चच्या उजेडातच झालं होतं.

तिसरा प्रकार गोलाकार कडांचा. छाती, पाठ, दंड, जिथे ऊन लागतं तिथे वर्तुळं उठतात. कड उंच आणि खवल्यांची, मध्य मोकळा. हुबेहूब नायटा.

केसांचं आणखी एक आहे. प्रत्येकीला चट्टा पडतोच असं नाही. आजार चढतीला लागला की सगळ्या डोक्याचे केस विरळ होतात, आणि कपाळाच्या वरच्या कडेला आखूड, निस्तेज, तुटके केस उभे राहतात. तेलाने चापून बसवले तरी बसत नाहीत. ते केस परत येतात. आजार आटोक्यात आला की काही महिन्यांत नवीन केस फुटतात. वण पडलेल्या चट्ट्यातले मात्र येत नाहीत. या दोन गोष्टींतला फरक पहिल्याच भेटीत कुणी सांगितला, तर बाई तेलांवर आणि 'हेअर ट्रीटमेंट'च्या पॅकेजांवर पैसे उधळत नाही. त्याच्याच बरोबर तोंडात टाळूला न दुखणारे फोड, गार पाण्यात हात घातल्यावर पांढरी-निळी पडणारी बोटं, सकाळी आखडलेले हात. यातलं काही सोबत असेल तर संशय दाट होतो.

आता त्या ट्यूबबद्दल. पत्राचा हा भाग मला सविस्तर लिहायचा आहे, कारण महिने वाया जातात ते इथेच.

आपल्या शहरात नायटा घराघरांत आहे. एका खोलीत पाच-सहा माणसं, दमट हवा, पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारे कपडे, विरार लोकलमध्ये अंगाला अंग. देशभरच गेल्या दहा-बारा वर्षांत नायटा हट्टी झाला आहे, औषधाला दाद देईनासा झाला आहे. त्यामुळे गोल चट्टा दिसला की डॉक्टरचा हात आपोआप नायट्याच्या औषधाकडे जातो. त्यांना मी नावं ठेवत नाही. शंभरातले बहुतेक गोल चट्टे नायट्याचेच असणार.

पण जी ट्यूब मिळते ती नुसत्या नायट्याच्या औषधाची नसते. तिच्यात बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध आणि कडक स्टेरॉइड असं एकत्र घोटलेलं असतं. मेडिकलमध्ये ती 'खाजेची ट्यूब' म्हणून मागितली तरी मिळते. स्टेरॉइड ल्युपसच्या चट्ट्यालाही दाबतं. पंधरा दिवसांत चट्टा मवाळ होतो, बाई म्हणते बरं वाटतंय, ट्यूब बंद होते, चट्टा परत येतो. पुन्हा ट्यूब. दरम्यान कातडी पातळ होते, चेहऱ्यावर बारीक लाल शिरा आणि नको तिथे लव येते, आणि खरा आजार दबलेल्या चट्ट्याआड आत कुठे पोचलाय ते कुणालाच कळत नाही. कधी कधी ट्यूबने भागत नाही म्हणून सोबत टर्बिनाफिनची गोळी सुरू होते. नायट्यावर ती चांगली गोळी आहे. पण वर सांगितलेला जो गोल कडांचा ल्युपस, तो भडकवणाऱ्या औषधांच्या यादीत टर्बिनाफिनचं नाव बरंच वर आहे. म्हणजे आधी ल्युपसला नायटा ठरवायचं आणि मग नायट्याच्या गोळीने ल्युपस वाढवायचा, असा हा कारभार.

त्यावरचा उपाय महाग नाही. चट्ट्याची कड पात्याने हलके खरवडायची, ती पूड काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. बुरशी असेल तर तिचे धागे काही मिनिटांत दिसतात. सूक्ष्मदर्शक तुमच्याकडे आहेत. क्षयरोगाची थुंकी आणि मलेरियाचं रक्त त्यांवरच तपासलं जातं. माझी पहिली मागणी एवढीच: चेहऱ्यावरचा, कानावरचा, डोक्यातला चट्टा खरवडून पाहिल्याशिवाय पालिकेच्या कुठल्याही दवाखान्यातून मिश्र ट्यूब लिहून दिली जाऊ नये, असं एक परिपत्रक काढा. परिपत्रकं काढण्यात आपली महापालिका कधी मागे पडलेली नाही.

आणि अन्न व औषध प्रशासनाला आठवण करून देते की स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये ती 'शेड्यूल एच'मध्ये घातली. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. तुळिंज रोडला, आचोळ्याला, विरार पूर्वेला संध्याकाळी कुठल्याही मेडिकलसमोर दहा मिनिटं उभं राहा. किती चिठ्ठ्या दाखवल्या जातात ते मोजा. मी मोजून सांगायची गरज नाही.

आता वस्तीवस्तीतल्या माणसाबद्दल. पालघर हा राज्यातल्या कुष्ठरोगाचा भार जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. त्यामुळे इथे कुष्ठरुग्ण शोध अभियान नेमाने होतं. आशाताई आणि त्यांच्यासोबत एक पुरुष स्वयंसेवक घरोघर जातात, अंगावर चट्टा आहे का विचारतात, दाखवायला सांगतात. चट्ट्यावर स्पर्श कळतो का पाहतात. कळत नसेल तर संशयित म्हणून नाव लिहितात आणि पुढे पाठवतात. हे काम सोपं नाही. आमच्या वाडीत आलेल्या आशाताईंना एका घरातून 'आमच्यात तसलं काही नाही' म्हणत दारातून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. तरी त्या पुढच्या घरी गेल्या.

प्रश्न असा आहे की एखाद्या बाईच्या अंगावर चट्टा आहे, पण स्पर्श नीट कळतो, तर तिचं पुढे काय होतं? कुष्ठरोग नाही म्हणून ती यादीतून सुटते. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आणि मग ती कुणाचीच राहत नाही. आशाताईंनी तो चट्टा पाहिलेला असतो, दाराशी उजेडात, अगदी हाताच्या अंतरावरून. एवढ्या मोठ्या शहरात असा घरोघर जाऊन कातडी पाहण्याचा दुसरा कार्यक्रम नाही, आणि त्यातून मिळालेली निम्मी माहिती आपण तिथेच टाकून देतो. त्यांच्या नोंदीत एक ओळ वाढवा. चेहऱ्यावर, कानात किंवा डोक्यात चट्टा, स्पर्श कळतो, उन्हाने वाढतो किंवा तिथले केस गेलेत: त्वचा ओपीडीला पाठवा. त्यासाठी आशाताईंना ल्युपसचं निदान करायची गरज नाही. आणि या एका ओळीमागे मानधनात चार पैसे वाढवा, कारण ओळी वाढवायच्या आणि पैसे तेवढेच ठेवायचे, ही सवय आरोग्य खात्याला फार जुनी आहे.

त्वचा ओपीडीत आलेल्या अशा बाईची त्याच दिवशी एक तपासणी व्हायलाच हवी: लघवी. पट्टी बुडवायची आणि प्रथिन जातंय का पाहायचं. गरोदर बायकांची तुम्ही ती करताच. ल्युपस अंगभर पसरलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्णांमध्ये मूत्रपिंडाला झळ लागते, आणि ती सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. पायांवर सूज येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. उलट बाजूही सांगते, उगाच घाबरवायला नको. ज्यांचा आजार फक्त चकत्यांपुरता आहे, त्यांतल्या बहुतेकींचा पुढेही तिथेच राहतो. थोड्या जणींचाच आत शिरतो. त्या थोड्या कोण, हे वेळोवेळी लघवी आणि रक्त पाहिल्याशिवाय कळत नाही. बायॉप्सीचं म्हणाल तर कातडीचा चार मिलिमीटरचा तुकडा जागा बधिर करून काढतात, एखादा टाका पडतो, बाई त्याच दिवशी स्वयंपाक करते. तुकडा तपासायची सोय इथे नसेल तर तो मुंबईला पाठवा. आज तुकडा राहतो इथेच आणि बाईला मुंबईला पाठवतात. वसईहून गाडी पकडून दादरला उतरायचं, परळला पोचून केसपेपर काढायचा, रांग लावायची, 'पुढच्या मंगळवारी या' ऐकायचं. रोजंदारीवर जाणारी बाई दुसऱ्या मंगळवारी जात नाही. तुमच्या रुग्णालयांत त्वचेचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, तेवढं तरी दर्शनी फलकावर ठळक लिहा, आणि मुंबईतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या संधिवात विभागाशी महिन्यातून एक दिवस ठरवून घ्या. कागदावर हा करार कठीण नसावा.

ऊन हा वेगळा विषय आहे आणि तो इथे टाळता येत नाही. सूर्याची अतिनील किरणं ल्युपसला भडकवतात. नुसता चट्टा वाढतो असं नाही, आतला आजारही उसळतो. गंमत म्हणा की खोडी म्हणा, ऊन लागतं आज आणि चट्टा उठतो आठवड्या-दोन आठवड्यांनी. त्यामुळे बाईला दोन्हींचा संबंध लागत नाही. ढगाळ दिवशी किरणं येतात, पाण्यावरून आणि वाळूवरून परावर्तित होऊन खालून येतात, खिडकीच्या काचेतूनही काही येतात. एप्रिल-मेमध्ये आपल्या किनाऱ्यावर भर दुपारी अतिनील निर्देशांक अकराच्या वर जातो. मोजपट्टीवर ती शेवटची पायरी आहे.

आणि आपल्याकडच्या बायका काय कामं करतात पाहा. पाचूबंदरला, अर्नाळ्याला कोळणी बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालतात. ते काम करायला ऊनच लागतं, सावलीत बोंबील सुकत नाही. पूर्वेला वीटभट्ट्या आहेत, नाक्यावरून बांधकामावर जाणाऱ्या बायका आहेत, पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत लांबणारी रस्तेसफाई आहे. माझी आई वाडीत मोगरा खुडायची. ते काम निदान सूर्य वर यायच्या आत उरकतं. भाजीचं तसं नाही. या बायकांना 'दहा ते चार उन्हात जाऊ नका' असा सल्ला देणं म्हणजे दहा ते चार जेवू नका म्हणण्यासारखं आहे. सनस्क्रीनची चांगली बाटली शेकड्यांत पडते, महिनाभरही पुरत नाही, आणि सरकारच्या लेखी ते सौंदर्यप्रसाधन आहे. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी, छत्री यांनी पुष्कळ भागतं. सफाई कामगारांना ते द्यायला तुमच्याकडे गणवेशाचं अंदाजपत्रक आहेच. पालिकेच्या शाळांत एखाद्या मुलीने डॉक्टरची चिठ्ठी आणली तर तिला टोपी घालू द्या, कवायतीला सावलीत उभी करा. उन्हापासून लपणाऱ्या बाईला 'ड' जीवनसत्त्व कमी पडतं, ते तपासून द्यावं लागतं, तेवढी जोड द्यावी.

फलाटांवरच्या छपरांबद्दल लिहिणार होते. ते रेल्वेला वेगळं लिहीन. दिव्यांग डब्याचंही तसंच. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यांत ल्युपस नाही. सांधे आखडलेली बाई सकाळच्या गर्दीत उभीच राहते. हे तुमच्या हातात नाही, म्हणून सोडते.

गोळी मात्र तुमच्या हातात आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मूळ मलेरियाच्या औषधांच्या कुळातली गोळी ल्युपसच्या कातडीला, केसांना, सांध्यांना सांभाळते आणि आजार उसळू देत नाही. ती वर्षानुवर्षं, रोज घ्यायची असते. २०२० च्या मार्चअखेर करोनापासून बचावासाठी आरोग्यसेवकांना आणि रुग्णांच्या घरच्यांना ती द्यावी, असा सल्ला आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिला आणि चार दिवसांत ती बाजारातून नाहीशी झाली. लोकांनी घाबरून पाकिटंच्या पाकिटं नेली. सरकारने निर्यात थांबवली, चिठ्ठीची सक्ती केली, मग अमेरिकेने मागितल्यावर निर्यात पुन्हा सुरू झाली. धारावी-वरळीत सरसकट वाटायचीही चर्चा झाली. जूनपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेने करोनासाठी तिच्या चाचण्या थांबवल्या होत्या. एप्रिलच्या त्या दिवसांत टाळेबंदी, गाड्या बंद, मेडिकलवाला म्हणतो 'मॅडम, करोनाची गोळी संपली'. मी त्याला सांगत होते की ती माझी गोळी आहे. गोळ्या पुरवायला मी एक दिवसाआड घेऊ लागले, आणि कपाळाच्या कडेचे केस पुन्हा विरळ झाले.

ती वेळ गेली. पण साठा कुणासाठी राखून ठेवायचा हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं आणि आजही नाही, कारण शहरात या गोळीवर जगणाऱ्या बायका किती आहेत याची नोंदच नाही. गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार नि:शुल्क आहेत. मग ती पालघरच्या आणि पालिकेच्या औषधभांडारात बारा महिने असायला हरकत काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते. रोज सकाळी घरी गोळी घेणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही. मूत्रपिंड बिघडून दाखल झाली की होतो. गोळीसोबत डोळ्यांची तपासणी लागते, सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, कारण फार वर्षांनी ती काही जणींच्या दृष्टिपटलाला इजा करते. वजनाच्या किलोमागे रोज पाच मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, हे लिहून देणाऱ्याने काट्यावर उभं करून पाहावं.

नोंदीबद्दल. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात लाखामागे तीनच्या आसपास रुग्ण सापडले होते. २०२३ च्या एका जागतिक अंदाजात हा आकडा लाखामागे चाळीसच्या वर आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर होती. पहिला हिशोब धरला तर शहरात चाळीसेक रुग्ण निघतात, दुसरा धरला तर पाचशेच्या वर, आणि लोकसंख्या तेव्हाचीच धरून. चाळीस खरे की पाचशे, हे मोजल्याशिवाय तुम्हीही सांगू शकणार नाही. २०२४ चा डिसेंबर संपता संपता बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस पुंजक्यापुंजक्याने जाऊ लागले, तेव्हा काही दिवसांत पथकं पोचली. पाणी तपासलं, रक्त तपासलं, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले, पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस गेले म्हणून सरकार हलू शकतं, हे तेव्हा दिसलं. शेगावात एकदम शेकडोंचे गेले. आमचे एकेकीचे जातात, वेगवेगळ्या गल्लीत, वेगवेगळ्या वर्षी.

घरात काय होतं ते थोडक्यात. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात बसलेली आत्या सगळ्यांसमोर विचारते, 'गो, कोड तर नाही ना?' आणि पोरीची आई उत्तर द्यायच्या आधीच पदर सारखा करते. माझ्या ओळखीची एक मुलगी डोक्यावरचा चट्टा झाकायला भांग इतका एका बाजूला पाडते की मान तिरकी झाली आहे. तिला मी मानेचे व्यायाम सांगितले. भांगाबद्दल बोलले नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजला की 'तब्येत सुधारली' म्हणणारे लोक भेटतात. यावर परिपत्रक निघत नाही, मला माहीत आहे. पण 'हा लागट नाही, हे कोड नाही, कुष्ठरोग नाही, उपचार आहे' एवढी चार वाक्यं चट्ट्याच्या फोटोसह, आणि फोटो आपल्या रंगाच्या कातडीचा, तुमच्या दवाखान्यांच्या भिंतीवर लागू शकतात. डेंग्यूच्या डासाशेजारी जागा आहे.

दरवर्षी १० मे हा जागतिक ल्युपस दिन असतो. त्या दिवशी जांभळ्या फिती लावून फोटो काढायचा कार्यक्रम कृपया करू नका. उन्हाळा आहे, रुग्णांना बाहेर बोलावू नका. त्याऐवजी त्या आठवड्यात कुष्ठरुग्ण शोध अभियानातल्या आशाताईंचं एक तासाचं प्रशिक्षण ठेवा, पंखे असलेल्या सभागृहात. चट्टे दाखवायला फोटो कमी पडतील, तर मला बोलवा. माझे दोन्ही कान आणि डोक्यावरचा जुना वण त्यांना हात लावून पाहू द्यायची माझी तयारी आहे, आणखी दोघी-तिघींना मी सोबत आणू शकते. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची वेळ द्या.

पत्राचं उत्तर लेखी मिळावं.

आपली,
वसईतील एक ल्युपसरुग्ण